यशपालरावांचे सँडविच

"पंखा बंद कर गं. ब्रेड वाळतोय."

शुभदाने कपाळावरचा घाम पदराने टिपला. मे महिन्यातली दुपार, त्यात वरच्या मजल्यावरचं घर. "अहो, माणसं वाळायला लागलीत."

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

तिने बटण दाबलं. पंखा गरगरत थांबला आणि स्वयंपाकघरात भट्टी पेटल्यासारखं झालं.

शुक्रवारी शुभदाच्या हातात बढतीचा आदेश पडला होता. बावीस वर्षं ज्या शाळेत ती शिकवत होती, तिथलीच आता मुख्याध्यापिका. बरोबरीच्या शिक्षिका आज चारला चहाला यायच्या होत्या. तिने पोहे ठरवले होते. पण रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून यशपालराव दिवसभर मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायचे. त्यांनी सकाळीच जाहीर केलं, "पोहे कुठंही मिळतात. साहेब लोक दुपारच्या चहाला काय खातात ते मी दाखवतो. आज सगळं मी करणार."

सगळं म्हणजे ब्रेडच्या कडा कापायच्या आणि आत काकडी ठेवायची. कोथिंबीर शुभदाने निवडली. चटणी तिनेच वाटली. काकडी सोलून, मीठ लावून, पिळून तिनेच दिली. यशपालराव ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरसारखा नुसता हात मागे करत होते.

"सुरी."

"तुमच्या पुढ्यातच आहे."

"ही नव्हे. धारेची."

तिने धारेची दिली. त्यांनी ब्रेड इतका दाबून कापला की त्याचा लगदा झाला. पुढचाही तसाच. पुडा संपत आला तेव्हा ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "ब्रेडच शिळा आहे. दुसरा आण बरं पटकन."

"मी अजून साडी बदलली नाही हो."

"मग बरंच आहे की. आल्यावर बदल."

ती उन्हातून बेकरीत जाऊन आली. तोवर त्यांनी ओट्यावर सगळीकडे चुरा केला होता आणि कापलेल्या कडा एका डब्यात भरून ठेवल्या होत्या. "टाकू नकोस. उद्या तुला याचा उपमा करता येईल," ते म्हणाले.

तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं. बोलली असती तर फार बोलली असती.

शेवटी झाले एकदाचे सँडविच. बोटभर लांबीचे, पांढरेशुभ्र, ताटात गोल मांडलेले. दिसत छान होते, हे तिलाही मान्य करावं लागलं. ती ओटा पुसायला लागली आणि यशपालराव अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून आले. तेवढ्यात बेल वाजली. शुभदाच्या अंगावर चटणीचा डाग पडलेली साडी. यशपालरावांनी एका हाताने दार उघडलं. दुसऱ्या हातात ताट होतं.

"जयभीम, भाऊजी! अय्या, हे तुम्ही केलंत?" प्रतिक्षाचा आवाज आतल्या खोलीपर्यंत आला. शुभदा घाईघाईने निऱ्या करत होती.

ती बाहेर आली तेव्हा चौघी खाण्यात रंगल्या होत्या. शाळेतल्या सगळ्यांत जुन्या पार्वतम्मा बाई म्हणाल्या, "शुभदा, लई नशीबवान हायस की गं तू. आमच्या घरात पाण्याचा ग्लास कुणी उचलत न्हाई."

"त्यात काय," यशपालराव म्हणाले. "बायकोला मदत करायलाच पाहिजे की."

"बघा! असे विचार पाहिजेत," प्रतिक्षा म्हणाली.

शुभदा म्हणाली, "शाळेचं मला तुमच्याशी जरा..."

"एक मिनिट मॅडम," वैष्णवीने मोबाइल काढला. ती सगळ्यांत लहान, नुकतीच लागलेली. "भाऊजी, ताट धरून उभे राहा ना. मॅडम, तुम्ही थोडं बाजूला व्हाल का? सावली पडतीय."

शुभदा बाजूला झाली. फोटो निघाला. मग काकडीला पाणी कसं सुटलं नाही, चटणीत काय काय घातलं, हे विचारून झालं. यशपालराव सगळं बैजवार सांगत होते. मिठाचं, पिळण्याचंसुद्धा.

ताट रिकामं झालं तसे ते सोफ्यावर टेकले. "शुभदा, चहा टाक की आता."

शुभदाने समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"तुम्ही टाका."

"मी?"

"व्हिडिओ असेल की त्याचा."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. यशपालराव सगळ्यांकडे बघत हसत हसत उठले आणि आत गेले. प्रतिक्षा अर्धी उठली. "मॅडम, मी टाकते ना."

"बस खाली."

आवाज चढलेला नव्हता, पण प्रतिक्षा बसली. आत एक पातेलं पडलं, त्याच्या पाठोपाठ झाकण.

"तर शाळेचं सांगत होते," शुभदा म्हणाली. "सहावी-सातवीच्या पोरी मधल्या सुट्टीनंतर घरी जातात. आपण हजेरीवरून त्यांना रागावतो. त्या का जातात ते ठाऊक आहे ना? मुलींच्या संडासाला दार नाही. जूनमध्ये मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसले की पहिलं काम तेच करणार."

वैष्णवीने मोबाइल पर्समध्ये ठेवला. पार्वतम्मा बाईंनी मान हलवली.

"शुभदा!" आतून हाक आली. "साखर कुठं ठेवलीस?"

चौघींनी तिच्याकडे पाहिलं.

"लोखंडी दार बसवू," शुभदा म्हणाली. "चांगलं जाड. आतून कडी लागेल असं."