मावशी म्हणाली

"पाय टेकतात का ते आधी बघा," कोचबाई म्हणाल्या, "आणि मग किंचाळा."

पाण्यातल्या बाईने पाय टेकवले. पाणी जेमतेम छातीपर्यंत आलं. कठडा मात्र तिने सोडला नाही.

संध्याकाळची शेवटची बॅच नुकतीच गेली होती. तलावाच्या काठावर ओली पावलं उमटली होती आणि कुणाचा तरी गॉगल विसरून राहिला होता. एरवी या वेळी कोचबाई गळ्यातली शिट्टी काढून घराकडे निघालेल्या असत. पण आज दारातच ही उभी. ज्या नवऱ्यापासून त्यांनी घटस्फोट घेतला, त्याची दुसरी बायको. त्या लग्नालाही आता बरीच वर्षं झाली होती, पण कोचबाईंच्या लेखी ती अजून 'नवी'च होती. आणि ती चक्क म्हणाली होती, "ताई, मला पोहायला शिकवाल?"

कोचबाईंना आधी ती थट्टाच वाटली. कारण कित्येक दिवस त्यांच्या घरात समुद्र, वारा आणि ही बाई यांच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. सुट्टीत लेक बापाकडे राहायला जाणार आणि तिथून तिघं मिळून कुठल्याशा बेटावर. काइटसर्फिंगला! पायाखाली फळी, कमरेला पट्टा, वर आभाळात भलामोठा पतंग, आणि वारा ओढत नेईल तसं लाटांवरून सुसाट जायचं. लेक जेवतानाही फोन ताटाला टेकवून तेच व्हिडिओ बघायची. मावशी म्हणाली, पतंग आपल्या वजनाप्रमाणे निवडायचा. मावशी म्हणाली, तिथलं पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसते. मावशी म्हणाली, पहिल्या दिवशी फक्त वाळूवर सराव. कोचबाईंना सख्खी सोडाच, चुलत बहीणही नव्हती. तरी लेकीला मावशी मिळाली होती, आणि ती उठल्यासुटल्या काही ना काही म्हणत होती.

कोचबाईंचा नुसता जळफळाट व्हायचा. या पोरीला पहिल्यांदा पाण्यात कुणी उतरवलं? नाकात पाणी गेलं की पाठीवरून हात कुणी फिरवला? आणि आता समुद्र दाखवणार कोण, तर ही! तोंडाने 'छान, छान' म्हणत त्या ताटं उचलायच्या आणि सगळा राग भांड्यांवर काढायच्या.

आणि या समुद्राच्या राणीला पोहताच येत नव्हतं. कोचबाईंना मनातल्या मनात उकळ्या फुटल्या.

"पोहता येत नसेल तर तिथे पाण्यात उतरू देत नाहीत म्हणे," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही बसा की किनाऱ्यावर. तिचे बाबा असतीलच बरोबर. पट्टीचे पोहणारे आहेत ते."

"मला जमलं नाही, तर जाणंच रद्द आहे."

कोचबाईंनी कान टवकारले. "ते का?"

"सांगते. आधी हा कठडा तर सुटू दे."

कोचबाई पाण्यात उतरल्या. तिला उताणं करून त्यांनी तिच्या पाठीखाली हात दिला. नवी लाकडासारखी ताठ झाली. डोळे गच्च मिटलेले, ओठ आवळलेले.

इतर कोच अशा वेळी गुपचूप हात काढून घेतात. शिकणारा नकळत तरंगतो, मग सगळे टाळ्या वाजवतात. कोचबाई तसं कधीच करत नसत. लेक लहान असताना नवऱ्याने तिच्यावर हा प्रयोग केला होता. पोर गटांगळी खाऊन वर आली तर हा आपला हसतोय, "अगं, तरंगलीस की!" पोर दिवसभर रडत होती. संसारातूनही तो तसाच गेला. एक दिवस कपाट उघडलं तर त्याचा कप्पा रिकामा. तेव्हापासून कोचबाईंचा नियमच होता, सांगितल्याशिवाय हात काढायचा नाही.

पण आज तो नियम त्यांना जड जात होता. छातीएवढं तर पाणी. फार तर दोन घोट नाकातोंडात जातील. पण ही पुन्हा पाण्याचं नाव काढणार नाही, आणि जाणंही रद्द. लेक सुट्टीभर घरी, आपल्याजवळ. त्यांचा तळवा हळूहळू निसटू लागला. आता फक्त बोटांची टोकं टेकलेली होती.

"तुमचा फार राग येतो मला, ताई," नवी डोळे न उघडता म्हणाली.

"माझा?"

"नाही तर कुणाचा? ती आमच्याकडे असली की सारखं 'आई म्हणाली, आई म्हणाली'. वेणी घातली तरी आईसारखी नाही, पांघरूण घातलं तरी आईसारखं नाही. म्हणून ही बेटाची टूम काढली. म्हटलं, हे तरी माझं असेल. तर म्हणते, बाबांबरोबर मी समुद्रात उतरणार नाही, ते न सांगता हात काढतात. तू आईकडून शिकून ये, मग तुझ्याबरोबर उतरेन."

कोचबाईंचा तळवा पुन्हा तिच्या पाठीला पुरता टेकला.

बोलून टाकल्यामुळे असेल, पण नवीचं अंग सैल पडत गेलं. मान टेकली, मुठी उघडल्या. पाणी तिला आपणहून तोलत होतं. आता आधाराची गरज नाही, हे कोचबाईंच्या हाताला कळलं होतं. तरी त्या तशाच उभ्या राहिल्या. जळफळाट काही गेला नव्हता, छातीत होता तिथेच होता.

मग त्या तिच्या कानाशी वाकल्या.

"घाबरू नका. आता मी हात काढते."