वरची रेघ

"काही नाही," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं स्कॅनरचा पडदा मुलीकडे वळवला. "एकही कोड नाही. इंजिनची काही तक्रारच नाही."

मुलीनं वडिलांकडे पाहायचं टाळलं. हे तिसरं गॅरेज होतं आणि ठरल्याप्रमाणे शेवटचं. इथंही काही सापडलं नाही, तर म्हाताऱ्यानं गाडीची किल्ली निमूटपणे तिच्या हातात द्यायची होती. दुपारी गिऱ्हाईक येऊन गाडी नेणार होतं, आणि पुन्हा गाडी चालवायचं नाव काढायचं नव्हतं. वर्षापूर्वी म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, त्यात नेमका उजवा पाय सापडला. पाय सुधारला, चालणंही सुधारलं. पण बावीस वर्षांची गाडी चढावर गचके खायला लागली, तेव्हा दोष कुणाचा याबद्दल घरात कुणाला शंका आली नाही.

"पिवळा दिवा लागतो गं," म्हातारा म्हणाला. "चढावर लागतो. दुसऱ्या दिवशी नसतो."

"बाबा, मी तीनदा बसून पाहिलं. एकदाही लागला नाही."

"लागतो म्हणतो ना!"

आवाज चढला तसा त्याला स्वतःचाच राग आला. खोटं बोलणारा माणूसही असाच ओरडतो, हे त्याला ठाऊक होतं.

मिस्त्री खिडकीतून आत वाकून स्कॅनरची वायर काढत होता. त्याचा हात मध्येच थांबला. "काका, आता साडेदहा वाजलेत. तुमचं घड्याळ बारा चाळीस का दाखवतंय?"

"ते रोजच चुकतं. मी संध्याकाळी बॅटरीची वायर काढून ठेवतो. सकाळी लावली की बारापासून सुरू होतं." म्हाताऱ्याची मान जरा ताठ झाली. "बावीस वर्षांत चौथी बॅटरी आहे फक्त."

"रोज काढता? कालपण?"

"रोज म्हणजे रोज."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "अहो काका! जुनी गाडी ही. वायर काढली की इंजिनची पाटी कोरी होते. ती दिवसभर रडून सांगते, आणि संध्याकाळी तुम्हीच तिचं तोंड दाबता!"

"म्हणजे बिघाड आहे?" मुलीनं विचारलं.

"असेल, नसेल. पाटी कुणी पुसली एवढंच कळलं. चला, चढावर जाऊ. काका, बसा गाडीत."

"तुम्हीच चालवा ना," मुलगी घाईघाईनं म्हणाली.

"मी चालवली तर गाडीचं कळेल, ताई. काकांचं नाही कळणार."

ती मागे बसली. मिस्त्री म्हाताऱ्याशेजारी बसला आणि त्यानं स्कॅनर मांडीवर घेतला. पडद्यावर दोन रेघा सरकत होत्या. "वरची रेघ पायाची, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय त्याची. खालची इंजिनची," तो मागे वळून म्हणाला. "गचका बसला की कुठली हलते, तेवढं बघायचं."

पुलाचा चढ गाडीनं गुणी लेकरासारखा पार केला. ना गचका, ना दिवा. म्हाताऱ्याच्या कानशिलावरून घाम ओघळला. गाडीनं रस्त्यात दगा देऊ नये म्हणून इतकी वर्षं जपलं, आणि आता तिनं दगा द्यावा म्हणून तो मनातल्या मनात हात जोडत होता.

"पुन्हा एकदा," मिस्त्री म्हणाला. "या वेळी त्या ट्रकच्या मागून, सावकाश."

अर्ध्या चढावर गाडीला पहिला गचका बसला. लगेच दुसरा. पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मागून बसचा हॉर्न कर्कश वाजला आणि मुलीनं पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

"बाबा, पाय! पाय सांभाळा!"

"ताई, गप्प बसा! काका, पाय आहे तिथंच ठेवा. उचलू नका, दाबू नका."

म्हाताऱ्यानं दात आवळले. तिसरा गचका बसला, मग चौथा. बस अगदी अंगाशी आली होती. चढ संपला तशी त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

मिस्त्रीनं स्कॅनर मागे मुलीकडे दिला. खालची रेघ चार ठिकाणी खड्ड्यात पडली होती. वरची फूटपट्टी लावून ओढावी तशी सरळ गेली होती.

"कोड आला," मिस्त्री म्हणाला. "तीन नंबरचा सिलिंडर. जोर लागला की तिथं ठिणगीच पडत नाही. कॉइल गेलीय, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि काका, एवढा स्थिर पाय माझाही नसतो हो."

मुलगी त्या रेघेकडे बघत राहिली. तिला लाज वाटली, अगदी रडू येईल इतकी. तिनं फोन काढला, गिऱ्हाइकाला सांगितलं की गाडी द्यायची नाही, आणि फोन ठेवून दिला.

"बाबा, माझं चुकलं."

म्हाताऱ्यानं अजून स्टिअरिंग सोडलं नव्हतं. आता तो चार शब्द सुनावेल म्हणून ती थांबली. तेवढा त्याचा हक्कच होता.

"तुझं कसलं चुकतंय," तो समोर बघत म्हणाला. "तीन महिने झाले, तुम्ही उठायच्या आधी मी बाथरूममध्ये खुर्ची टाकून बसतो आणि वजनकाट्यावर उजवा पाय दाबतो. काटा दहावर धरायचा, पाच मिनिटं. एकदाही हलला नाही गं. मला वाटायचं, काटाच बिघडलाय."