वाटेतले माठ

स्थानिकांना प्राधान्य म्हणून तहसील कचेरीची दहा माठांची ऑनलाइन ऑर्डर समोरच मडकी विकणाऱ्या द्रौपदाबाईंना मिळाली. त्यांनी दोन माठ काखेत मारून रस्ता ओलांडला.

"आज घेता येणार नाहीत," कारकून स्क्रीनकडं बघत म्हणाला. "माल वाटेत आहे. चार दिवसांनी पोचेल."

"अहो साहेब, माझ्या काखेत आहेत की!"

"तुमच्या काखेत असतील. पोर्टलवर वाटेतच आहेत."

कपाळाला हात लावावा, तर दोन्ही काखा भरलेल्या. बाईंनी माठ तसेच परत नेले आणि पाणी भरून लिंबाखाली ठेवले.

दुसऱ्या दुपारी घसा कोरडा पडलेला कारकून त्यांच्याकडंच आला. त्यातलंच गार पाणी पिऊन विचारतो, "आमचे माठ कुठवर आले, मावशी?"

"निघालेत म्हणं. ऊन मी म्हणतंय, टेकले असतील कुठं लिंबाखाली."