कावळा नसलेल्या मुलखात

कावळा काही येईना. हौदाच्या कट्ट्यावर केळीच्या पानात वडिलांच्या श्राद्धाचा साग्रसंगीत स्वयंपाक वाढून जालिंदर उभा होता, आणि त्याचा जोडीदार किसन काठी घेऊन पहारा देत होता. साळुंक्या आल्या, होले आले, एक चिमणी तर भातावर बसता बसता राहिली. किसनने सगळ्यांना हुसकावलं. कावळा मात्र औषधालाही नव्हता. आखातातल्या मदिनत अश शमाल शहराच्या पलीकडे, ते राबत होते त्या ह्या खजुराच्या मजऱ्यात, म्हणजे मळ्यात, तो कधी दिसलाच नव्हता, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण आईला सांगणार कोण?

आई, म्हणजे केसरबाई, मोबाइलच्या पडद्यावर होत्या. गावाकडे सकाळीच पान ठेवलं होतं. कावळे समोरच्या तारेवर ओळीने बसले, पण एकही खाली उतरला नाही. केसरबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. ह्यांचा जीव थोरल्यात अडकलाय, थोरल्यानेच तिकडे पान ठेवावं. ते शिवलं जाईपर्यंत त्या घास घेणार नव्हत्या. साखरेचं दुखणं असलेली बाई, आणि तिकडे दुपार कलायला लागली होती.

"अवो, आत्याबाईंचे हात कापाया लागल्यात," पडद्यावर आईच्या मागून शालूचा, जालिंदरच्या बायकोचा आवाज आला. "कायतरी करा."

काय करणार कपाळ! वडील, आण्णा, गेले तेव्हा जालिंदरला रजा मिळाली नव्हती. शेवटचं तोंड पाहिलं तेही ह्याच मोबाइलवर.

तेवढ्यात पोर्टा केबिनच्या खालून खोकड, वाळवंटातला लहानसा कोल्हा, बाहेर आलं.

खोकडांचं आणि ह्या दोघांचं बिऱ्हाड एकच. वर हे, खाली ती. एसीचं ठिबकणारं पाणी टबात साठायचं, ते ती प्यायची. झाडांच्या नळ्या कुरतडायची, आणि चपला पळवायची. किसनच्या दोन चपला गेल्या होत्या आणि दोन्ही डाव्या, त्यामुळे त्याचं त्यांच्याशी हाडवैर. जालिंदरला मात्र भारी कौतुक. पिल्लं झाली तेव्हा फोटो पाठवून पाठवून त्याने अख्ख्या गावाला वात आणला होता.

पण आज कौतुकाची वेळ नव्हती. मोठ्या कानांचं ते वाळूच्या रंगाचं जनावर भर उन्हात सरळ कट्ट्याकडे चालत आलं.

"हाड! यल्ला, यल्ला!" किसन काठी आपटत ओरडला, जणू इथल्या खोकडाला अरबीच कळणार. जालिंदर हात पसरून पानाच्या आड उभा राहिला. खोकड पळालं नाही. थोडं मागे सरकून खाली बसलं आणि पानाकडे बघत राहिलं.

"काय हाय रं ते?" केसरबाईंनी विचारलं.

"खोकड हाय, आई. हाकलतोय. पान बाटवंल."

"थांब!" आवाज असा निघाला की किसनची काठी वरच्या वर राहिली. "तुज्या त्या मुलखात कावळा हाय का? खरं सांग."

जालिंदरने मान खाली घातली. "न्हाय, आई."

"मग त्यांनी काय करावं? तू न्हाय का, यस्टी चुकली की मिळंल त्या टेंपोत बसून घरला यायचास? सर बाजूला. आन् त्या किसनला म्हनावं, काठी टाक."

काठी पडली. दोघे पाऊल पाऊल मागे सरकत केबिनच्या दाराशी गेले. जालिंदरने मोबाइल पुढे धरला, पण नजर खोकडावर आणि मोबाइल आभाळाकडे, तशी पलीकडून शालू ओरडली, "नीट धरा की, दिसंना काय!"

खोकड उठलं. दोन पावलं आलं, थांबलं. परत दोन पावलं. मग एका उडीत कट्ट्यावर.

"आलं, आलं!" किसन कुजबुजला. मघाशी खोकडाच्या जिवावर उठलेला हाच तो. जालिंदरने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो गप्प झाला.

खोकडाने भात हुंगला. खीर हुंगली. तोंड मात्र कशालाच लावेना. कावळा शिवेना की गावात गेलेल्याला मोठ्याने शब्द देतात, तसा जालिंदरला कंठ फुटला. "आण्णा, मला येता आलं न्हाय. आईला अंतर देनार न्हाय. जेवा."

खोकडाचे कान हलले. किसनलाही राहवेना. त्याने हात जोडले. "आण्णा, चपलांचं मनात धरत न्हाय मी. जेवा तुमी."

आणि खोकडाने वडा उचलला.

"शिवलं!" किसनने अशी आरोळी ठोकली की खजुरावरचे होले भुर्रकन उडाले. खोकड मात्र ढिम्म. दुसरा वडा खाल्ला, भात खाल्ला, खीर तर पान फाटेस्तोवर चाटली. जालिंदर हसत होता, रडत होता, आणि आपण नेमकं काय करतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. किसन त्याच्या पाठीत धपाधप गुद्दे घालत होता. इतका आनंद त्या केबिनने कधी पाहिला नव्हता.

पानाच्या कडेला कारल्याची भाजी होती. खोकडाने ती हुंगली, नाक फेंदारलं, तोंडानेच बाजूला लोटली आणि उडी मारून केबिनखाली निघून गेलं.

पडद्यावर केसरबाईंनी हळूच डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"कारलं तसंच ठिवलं ना रं, नेहमीवानी?"

"ठिवलं, आई."

केसरबाईंनी सुनेकडे मान वळवली.

"वाढ गं, शालू. जेवले हे."