माईकसमोर आप्पा

रविवारी सकाळी सोलापूरच्या पार्क चौकात दौड होती, स्तनाच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला मदत म्हणून. मोडनिंबहून आलेल्या धोंडिरामला लेकीने, बुद्धप्रियाने, आईचा फोटो आणि 'पारूबाई' हे नाव छापलेला गुलाबी टी-शर्ट घातला आणि पहिल्या रांगेत उभं केलं. मागे हजारभर माणसं, पुढे ताणलेली दोरी. निसटायला वाट नव्हती.

"आप्पा, माईकवर दोन शब्द बोला. आईला जाऊन वर्ष झालं, लोक तुमचं ऐकतील."

"मला न्हाय जमायचं बाय. तूच बोल की."

"तुम्ही आईचं केलंत तेवढं कुठला नवरा करतो? हे लिहिलंय तेवढंच वाचा."

बुद्धप्रियाने चिठ्ठी हातात देऊन माईक त्याच्या तोंडापुढे धरला. त्याने अडखळत वाचलं, "गाठ हाताला लागली तर गप बसू नका. डॉक्टरांना उघड सांगा." टाळ्या वाजल्या. शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "आमचे हे तर दवाखान्याच्या बाहेर स्कूटरवरच बसून राहतात. तुमची पारूबाई लई नशिबाची."

धोंडिरामने मान खाली घातली. दौड सुरू व्हायला अजून दहा मिनिटं होती.


"काय होतंय?" असं डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा पारूबाईने लाजून नवऱ्याकडे पाहिलं होतं, आणि गाठ ठाऊक असूनही त्याने "हिची पाठ दुखतीया" असं सांगून पुढचं वर्षभर तिच्या पाठीला रोज न चुकता मलम चोळलं होतं.