फर्मचा वार्षिक फोटो

शांघायच्या त्या नामांकित वकिली फर्मने यंदा आणखी साठ शहरांत कार्यालयं उघडली होती. वकील लू यिंग मात्र यंत्रांनी लिहिलेल्या करारांवर लाल शिक्के मारून पार थकली होती. चूक झालीच तर तुरुंगात टाकायला कायद्याला एक तरी माणूस लागायचा.

वार्षिक फोटोसाठी म्हातारे फोटोग्राफर छ्यूकाका नेहमीचं उंच स्टूल घेऊन आले. त्यावर चढल्याशिवाय पूर्वी सगळे फोटोत मावत नसत.

"बाकीचे कुठायत, पोरी?"

"फर्म वाढली ना, काका. आता माझ्या एकटीवर भागतं."

काका तरीही स्टुलावर चढले. कॅमेऱ्याला डोळा लावून सवयीने म्हणाले, "जरा सरकून घ्या रे, सगळे मावायला हवेत."

लू यिंग सरकली आणि शेजारी एका माणसापुरती जागा करून उभी राहिली.