चाळीस सायकली

“सायेब, या रस्त्यानं सायकलींचा पूर वाहते, पूर!” तांड्याचे नाईक प्रेमसिंग छाती फुगवून सडक खात्याच्या ओव्हरसियरला म्हणाले. तांड्यात सायकल एकच होती, आणि तीही यंदा, बासष्ट सालच्या दिवाळीला, आलेल्या जावयाची.

कळंबच्या सडकेवर कापसाचे ट्रक माणसांना नालीत ढकलत होते. परवा म्हातारी जमनी मोळीसकट पडली. म्हणून तांड्याला सडकेच्या कडेनं पायी चालणाऱ्यांसाठी अन् सायकलींसाठी वेगळी वाट हवी होती. पण दिवसाला चाळीस सायकली मोजल्याशिवाय कागद पुढं सरकणार नव्हता.

ओव्हरसियर वही घेऊन पळसाखाली बसला. एक जण सायकल हाणत समोरून जाई अन् वळणापलीकडे उतरे. दुसरा ती खांद्यावर घेऊन तुरीच्या वावरातून मागं आणी. दर फेरीला स्वार बदले, पागोटं बदले. विसाव्या फेरीला तर जमनीही कॅरिअरवर बसून ऐटीत गेली.

दिवस कलताना ओव्हरसियरनं चाळिसावी रेघ ओढली अन् वही मिटली.

“नाईक, तुमची वाट झाली समजा,” तो म्हणाला. “फक्त एक करा. चाळीसही सायकलींच्या मागच्या चाकात हवा कमी दिसली. तेवढी भरून घ्या.”